कयाधूचा गाळ आणि कोरिंग्याचे पक्षी

हिंगोली जिल्ह्यापासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. तथापि नामदेवांच्या नरसीजवळून वाहणारी कयाधू पावसाळ्यांत जी काळी माती घेऊन निघते, त्या मातीची वाट समुद्राकडेच जाते. कयाधू पैनगंगेस मिळते व पैनगंगा वर्धेस. वर्धा आणि वैनगंगा यांची प्राणहिता होते व ती सिरोंच्यापाशीं गोदावरींत शिरते. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगानें वाहणारी पूर्णा तर थेट गोदावरीचीच उपनदी. दख्खनच्या पठारावरून आलेली ही माती हजारों वर्षें पूर्वकिनाऱ्यावर सांचत गेली आणि तेथें गोदावरीचा त्रिभुज प्रदेश निर्माण झाला.

त्या प्रदेशाच्या टोंकाशीं, काकिनाड्याजवळ, कोरिंगा नांवाचें गांव आहे. एके काळीं हें भरभराटलेलें बंदर होतें व तेथें जहाजें बांधलीं जात. १७८९ सालीं एका वादळानें त्यास मोठा तडाखा दिला. पुढें नोव्हेंबर १८३९ मध्यें आलेल्या दुसऱ्या वादळाच्या लाटेनें तें असें उध्वस्त झालें कीं, पूर्ववैभव त्यास पुन्हां लाभलें नाहीं. (अशा वादळांचा अभ्यास करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यानेंच 'सायक्लोन' हा शब्द जगास दिला.) मनुष्याचें बंदर मोडलें, परंतु पांखरांचें राहिलें. १९७८ सालीं येथील सुमारें २३५ चौरस किलोमीटरांचें तिवरांचें रान व खाड्या मिळून अभयारण्य झालें.

किनाऱ्यावरील चिखल आपणांस घाणेरडा वाटतो; वस्तुतः तें भरलेलें ताट आहे. ओहोटी लागली कीं मैलोगणती चिखल उघडा पडतो व त्यांत किडे, शिंपले, लहान खेंकडे यांची रेलचेल असते. चिखल्या आंखूड चोंचीनें वरचेवर टिपतो, तुतवार किंचित् खोल चोंच घालतो, तर बांकदार लांब चोंचीचे मोठे पक्षी वीतभर खालचा किडा ओढून काढतात. एकाच चिखलावर इतक्या पंगती बसतात, पण कोणी कोणाचा घांस हिरावीत नाहीं. सैबेरिया व मध्य आशियांतून हिंवाळ्यांत येणाऱ्या पक्ष्यांस परतीच्या प्रवासापूर्वीं अंगांत चरबी सांठवावी लागते. ती येथें सांठते. चिखल आटला तर त्यांस दुसरी खाणावळ सहजासहजीं मिळत नाहीं.

आणि हा चिखल आटत आहे. १८५२ सालीं आर्थर कॉटन यांचा धवळेश्वरमचा बंधारा पुरा झाला, तरी महापुराबरोबर गाळ समुद्रास पोंचतच होता. खरा फरक पडला तो मोठ्या धरणांमुळें. १९६० च्या दशकांत पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें उभीं राहिलीं, १९७६ सालीं पैठणचें जायकवाडी आलें, पुढें पैनगंगेवर इसापूर झालें. खालीं तेलंगणांतहि धरणें झालीं. १९७० च्या दशकांत गोदावरी जेवढा गाळ समुद्रास देत होती, त्याच्या सुमारें एक-तृतीयांशच १९९० च्या दशकांत देऊं लागली. जो किनारा पुढें सरकत होता, त्यास अनेक ठिकाणीं लाटा खाऊं लागल्या.

याचा दोष मराठवाड्याच्या शेतकऱ्यावर टाकणें अन्यायाचें होईल. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं भोगला, त्यांस सिद्धेश्वरच्या कालव्याचें मोल कोणी सांगावयास नको. शिवाय धरणांनीं पांखरांस कांहीं दिलेंहि आहे. पाणी ओसरतांच जलाशयाच्या कडेस उथळ चिखल उघडा पडतो. तेथें शेकाट्या, तुतवार व टिटव्या चरतात. जायकवाडीस १९८६ सालीं पक्षी-अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो अशाच उथळ पाण्यामुळें.

मुंबईकडील स्थिति याच्या उलट आहे. ठाण्याच्या खाडींत चिखल वाढत गेला, १९९० च्या दशकापासून तेथें रोहित पक्ष्यांचे थवे दिसूं लागले, २०१५ सालीं १,६९० हेक्टरांचें अभयारण्य झालें, आणि २०२२ सालीं ती खाडी रामसरच्या जागतिक यादींत गेली. तेथें भय आहे तें भराव टाकून जमीन करणारांचें. भरावास न्यायालय मनाई करूं शकतें. कोरिंग्यास मात्र सीमेवर पहारा ठेवून भागत नाहीं, कारण त्याचें अन्न शेंकडों मैल वरून यावयाचें असतें.

गाळास आतां तिसराहि धनी आला आहे. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं तळाचा गाळ उपसून शेतांत नेतात. जमीन सुपीक होते, धरणांत पाण्यास जागा होते. योजना चांगलीच आहे. परंतु ज्या दिवसांत यंत्रें धरणाच्या पोटांत उतरतात, त्याच दिवसांत टिटवी व कंठेरी चिखल्या उघड्या जमिनीवर अंडीं घालतात. गाळपेर करणारा जुना शेतकरी अंड्यांभोंवतालची हातभर जागा सोडून नांगर वळवितो. यंत्र चालविणारास उंच बसणीवरून तीं दिसत नाहींत. काम लागण्यापूर्वीं कोणी तरी कडेनें फिरून खुणेच्या काठ्या रोवल्या पाहिजेत.