कोयता लागला तर आधी पाणी, मग मलम

निपाणी हे तंबाखूचंच गाव, त्यामुळे ऊस तोडताना बोट कापलं की जखमेवर तंबाखू दाबायचा उपाय चटकन सुचतो. पण माती आणि जंतू आतच राहतात. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे, मग जखम वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी. वरून पोव्हिडोन आयोडीनचा पातळ थर पुरे. दरवेळी मेडिकलमधून अँटिबायोटिक मलम आणायची गरज नसते. खाज-गजकर्णाचं स्टिरॉइडमिश्रित मलम तर लावूच नये, जखम उशिरा भरते.

खरी भीती धनुर्वाताची. जखमेत माती गेली असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला ५ वर्षे उलटली असतील, तर सरकारी दवाखान्यात टीडी घ्यावे (लोक अजून टीटीच म्हणतात). जखम खोल असेल, लाली पसरली, पू झाला किंवा मधुमेह असेल, तर थेट डॉक्टर गाठावा.