शर्यतीच्या मैदानातून रहदारीच्या रस्त्यावर : सुपरमोटो मोटारसायकलीचे स्थित्यंतर

पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या मोटारसायकलीच्या २०१७ सालच्या आवृत्तीपासून तिच्या ब्रेकनियंत्रणाच्या पर्यायांत 'सुपरमोटो' असा एक शब्द आढळतो. हा पर्याय निवडला असता, ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी 'एबीएस' ही यंत्रणा पुढील चाकापुरती चालू राहते आणि मागील चाकापुरती बंद होते. एका शर्यतीच्या प्रकाराचे नाव रोजच्या वापरातील वाहनावर एका खटक्याचे नाव होऊन बसावे, ही घटना वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु तिच्या मागे सुमारे चार दशकांचा व तीन खंडांवर पसरलेला इतिहास आहे. माती आणि डांबर या दोन्ही पृष्ठभागांसाठी जन्मलेले हे वाहन नुसत्या डांबराच्या रस्त्यावर आले तेव्हा त्यातील काय टिकले, काय गळाले आणि काय नावापुरते उरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. उगम : कार्ल्सबॅड, १९७९

अमेरिकेतील मोटारसायकल-शर्यतींचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन ठळक प्रवाह होते. मातीच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवरील शर्यत हा पहिला, डांबरी मार्गावरील शर्यत हा दुसरा आणि खाचखळगे व उड्या यांनी भरलेल्या मैदानावरील मोटोक्रॉस हा तिसरा. प्रत्येक प्रवाहाची मोटारसायकल वेगळी, चालवण्याची रीत वेगळी आणि नायकही वेगळे. साहजिकच या सर्वांत श्रेष्ठ चालक कोण, हा वाद प्रेक्षकांत सतत चाले.

या वादाला मैदान मिळवून दिले ते गॅव्हिन ट्रिप या मूळच्या इंग्रज पत्रकाराने व शर्यतसंयोजकाने. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीच्या 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' या कार्यक्रमासाठी त्याने १९७९ साली कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅडच्या धावपट्टीवर 'सुपरबायकर्स' ही शर्यत योजली. मार्गाचा काही भाग डांबरी, काही मातीचा आणि मध्ये उड्या, अशी तिची रचना होती. तिन्ही प्रवाहांतील चालकांपैकी कोणालाही पूर्णपणे अनुकूल ठरणार नाही असा मार्ग आखणे, हाच त्यामागील हेतू होता. ५०० सी. सी. वर्गाचा तत्कालीन जगज्जेता केनी रॉबर्ट्स यासारखे चालक या मालिकेत उतरले. १९८५ सालापर्यंत ही शर्यत चालली. त्यानंतर दूरचित्रवाणीचा आधार सुटला आणि अमेरिकेत हा प्रकार जवळजवळ विस्मृतीत गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सुपरमोटोचा जन्म वाहतुकीच्या कोणत्याही गरजेतून झाला नाही. तो एका कार्यक्रमाच्या कल्पनेतून झाला. 'सर्वश्रेष्ठ कोण' या प्रश्नासाठी जो मार्ग आखला गेला, त्या मार्गाला साजेसे यंत्र पुढे घडत गेले. मार्ग आधी आणि यंत्र मागाहून, हा क्रम या इतिहासात निर्णायक आहे. कारण मार्ग बदलताच यंत्राचा अर्थही बदलणार होता.

२. युरोपातील पुनरुज्जीवन

अमेरिकेत मावळलेला हा खेळ युरोपात रुजला. फ्रान्स, बेल्जियम आणि इटली या देशांत मोटोक्रॉसची परंपरा बळकट होती व डांबरी शर्यतींनाही मोठा प्रेक्षकवर्ग होता. बेल्जियममधील मेते येथील वार्षिक शर्यतीने 'सुपरबायकर' हे मूळचे नावही जपले. फ्रेंचांनी मात्र या प्रकाराला 'सुपरमोतार' असे नाव दिले. फ्रेंच भाषेत 'मोतार' म्हणजे मोटारसायकलस्वार, आणि बोलीत मोटारसायकलवरून गस्त घालणारा पोलीसही. म्हणजे अमेरिकेतील नाव शर्यतीतल्या अतिमानवी वीराकडे बोट दाखवते, तर फ्रेंच नावात रस्त्यावरचा नेहमीचा स्वार दडलेला आहे. जपानमध्येही या वाहनांस 'मोतार्ड' याच धर्तीच्या नावाने ओळखले जाते. २००२ साली आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने या प्रकाराला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा दिला. आणि २००३ साली खेळ आपल्या जन्मभूमीत राष्ट्रीय मालिकेच्या रूपाने परतला, तो २००९ पर्यंतच.

युरोपातील या काळात शर्यतीइतकेच महत्त्व कारखान्याबाहेरच्या कार्यशाळांना आहे. मोटोक्रॉस किंवा एंड्युरो जातीची मोटारसायकल घ्यावी, तिची मोठी काटेरी चाके काढून लहान व रुंद डांबरी चाके बसवावीत, पुढे मोठी ब्रेक-डिस्क लावावी, एवढ्यावर सुपरमोटो सिद्ध होत असे. अशा रूपांतरित मोटारसायकली शर्यतीच्या मैदानाबाहेर, शहराच्या आणि डोंगराच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. रस्त्यावरील सुपरमोटोचा आरंभ कारखान्याच्या आराखड्यातून झाला नाही. तो स्वारांच्या हातून झाला.

३. यंत्ररचनेतील तडजोड

या रूपांतराने यंत्राच्या स्वभावात काय फरक पडतो हे पाहिल्याखेरीज पुढील इतिहास उलगडत नाही. मोटोक्रॉसच्या मोटारसायकलीचे पुढील चाक २१ इंचांचे असते. खड्डे आणि दगड ओलांडण्यास ते सोयीचे पडते. त्या जागी १७ इंचांचे चाक येताच गाडीचे तोंड खाली उतरते, पुढचा फोर्क अधिक उभा होतो आणि दिशा बदलण्यास लागणारे बळ कमी होते. फिरणाऱ्या चाकाचा व्यास लहान झाल्याने गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला चटकन कलते. त्यात रुंद हँडल, ताठ बैठक, अरुंद देह, एकच सिलिंडर आणि कमी वजन यांची भर पडते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सस्पेन्शनचा प्रवास लांब आणि गुरुत्वमध्य उंच, त्यामुळे जोराचा ब्रेक दाबताच भार पुढे झुकतो आणि मागील चाक हलके होते. शर्यतीत या दोषालाच गुणाचे रूप देण्यात आले. वळणापूर्वी मागील चाक जाणूनबुजून घसरू द्यावयाचे, गाडी तिरपी होत वळणात शिरते आणि तिचे तोंड आपोआप बाहेर पडण्याच्या दिशेस लागते. मातीवरील स्वारांनी डांबरावर आणलेली ही युक्ती सुपरमोटोची ओळख ठरली. तिच्या जोडीला मोटोक्रॉसमधील रीतीप्रमाणे वळणाच्या बाजूचा पाय पुढे काढणे आणि स्वतः ताठ राहून गाडीला आपल्याखाली कलते करणे, या सवयीही आल्या.

४. कारखान्यांचा स्वीकार

१९९१ साली इटलीतील जिलेरा कंपनीने नॉर्डवेस्ट ही मोटारसायकल बाजारात आणली. उंच एंड्युरो बांधणी आणि १७ इंची डांबरी चाके यांचा संयोग कारखान्यातून थेट ग्राहकाच्या हाती देणारे ते एक आरंभीचे उदाहरण होय. तथापि तिचे आयुष्य अल्प ठरले. अधिक दूरगामी परिणाम झाला तो १९९४ च्या केटीएम ड्यूकचा. ऑस्ट्रियातील माटिगहोफेन येथील ही कंपनी नुकतीच दिवाळखोरीतून सावरत होती आणि तोवर तिची ख्याती प्रामुख्याने मातीवरील वाहनांची होती. आपल्या एलसी-४ या एकसिलिंडरी एंजिनाला किस्का या अभिकल्पसंस्थेच्या साह्याने नवे रूप देऊन तिने रस्त्यासाठी सुपरमोटो घडवली. जी कंपनी डांबरावर अनोळखी होती तिने डांबरावर प्रवेश केला तो असा मातीच्या दाराने.

त्यानंतर इतरांनीही हाच मार्ग अनुसरला. कावासाकीने १९९८ साली आपल्या केएलएक्स या पायवाटेच्या गाडीवरून डी-ट्रॅकर तयार केली. यामाहाची एक्सटी ६६० एक्स २००४ मध्ये, तर सुझुकीची डीआर-झेड ४०० एसएम व होंडाची एफएमएक्स ६५० या २००५ मध्ये आल्या. डुकाटीने २००७ पासून दोन सिलिंडरांची हायपरमोटार्ड विकण्यास आरंभ केला. येथे तर मातीशी उरलेला संबंध केवळ आकृतीचा होता.

या सर्व गाड्यांना रस्त्याने जे देणे भाग पाडले ते पाहण्यासारखे आहे. शर्यतीच्या एंजिनाची देखभाल तासांवर मोजली जाते, रस्त्याच्या एंजिनाची किलोमीटरांवर. म्हणून एंजिन सौम्य करावे लागले. दिवे, आरसे, क्रमांकपट्टी, सायलेन्सर व मागील सहप्रवाशाचे आसन यांनी वजन वाढले. वजनाने हलके असणे हेच ज्या वाहनाचे बलस्थान, त्याला नागरिकत्व मिळवण्यासाठी वजनाचीच किंमत मोजावी लागली. लहान टाकी, सुमारे ८९० मिलिमीटर उंचीचे अरुंद आसन आणि वाऱ्यापासून काहीच आडोसा नाही, यांमुळे लांबच्या प्रवासास ही वाहने कधीच मानवली नाहीत. तिचे खरे क्षेत्र ठरले ते शहरातील रहदारी आणि डोंगरातील आखूड, वळणावळणांचे रस्ते.

५. चालवण्याची रीत आणि रस्त्याची सत्यता

रस्त्यावरील सुपरमोटोविषयीचा मूळ प्रश्न यंत्राचा नसून ज्ञानाचा आहे. शर्यतीच्या मार्गावरील वळण स्वाराने त्याच दिवशी वीस वेळा पाहिलेले असते. पृष्ठभाग त्याच्या परिचयाचा असतो, समोरून कोणी येत नाही, पडल्यास मोकळी जागा असते. सार्वजनिक रस्त्यावरील वळण यापैकी कशाचीही हमी देत नाही. खडी, सांडलेले तेल, ओली पांढरी पट्टी, गटाराचे लोखंडी झाकण, वळणापलीकडे उभा असलेला मालमोटारीचा मागचा भाग, यांपैकी काहीही तेथे असू शकते. मागील चाक घसरवत वळणात शिरणे ही क्रिया पुढच्या काही मीटरांची पकड निश्चितपणे ठाऊक आहे या गृहीतावर उभी असते. आणि रस्त्यावर नेमके हेच गृहीत उपलब्ध नसते. म्हणून जी युक्ती मैदानात कौशल्य ठरते, ती रस्त्यावर ज्ञानाचा आव ठरते. त्याची किंमत स्वाराबरोबर रस्त्यावरील तिऱ्हाइतालाही द्यावी लागण्याचा संभव असतो.

याउलट त्याच परंपरेतील काही सवयी रस्त्यावर फार उपयोगी पडल्या. ताठ बैठकीमुळे दृष्टी वाहनांच्या वरून दूरवर पोहोचते. रुंद हँडलामुळे खड्डा चुकवण्यास निमिषार्ध पुरतो. लांब सस्पेन्शन तुटक्या रस्त्याचा मार झेलते. स्वार ताठ राहून गाडी तेवढी कलती करीत असल्याने अचानक अडथळा आल्यास ती लगेच उभी करता येते. या सर्व गुणांचे मूळ एकच आहे : हे यंत्र अशा मार्गासाठी घडले होते ज्याचा पृष्ठभाग मध्येच बदलतो. डांबर संपून माती लागते हा शर्यतीत नियम होता. रस्त्यावर तो अपघात असतो, इतकेच. सुपरमोटोच्या घसरण्याच्या विद्येला रस्त्याने स्थान दिले नाही, तिच्या सावधपणाला मात्र दिले.

६. कायद्याचे स्थान

या निवडीत कायद्याचा हातही होता. जर्मनीत चाके बदलण्यासारखा फेरफार वाहनाच्या कागदपत्रांत मंजूर करून घ्यावा लागतो. घरगुती रूपांतराला त्यामुळे शिस्त लागली. भारतात मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने दिलेल्या व नोंदणीपत्रात आलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. त्यामुळे युरोपात ज्या कार्यशाळांतून हा प्रकार रस्त्यावर आला, त्या मार्गाने तो येथे येणे कठीणच होते. युरोपीय संघात २०१६ पासून १२५ सी. सी. वरील नव्या प्रकारांना, आणि भारतात एप्रिल २०१८ पासून नव्या व एप्रिल २०१९ पासून सर्व मोटारसायकलींना या मर्यादेपुढे एबीएस आवश्यक झाली. घसरण हीच ज्या वाहनाची ओळख, त्याला घसरण रोखणारे यंत्र बसवणे कायद्याने भाग पाडले. निर्मात्यांनी काढलेला तोडगा म्हणजे आरंभी उल्लेखिलेला खटका. २०२५ साली आलेल्या सुझुकीच्या डीआर-झेड ४ एसएम या नव्या गाडीतही एबीएस बंद करण्याची सोय ठेवलेली आढळते.

७. चाकणचा दुवा

२००७ साली पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने केटीएममध्ये १४.५ टक्के भाग घेतला आणि पुढे तो वाढवत नेला. २०११ साली १२५ ड्यूक चाकणहून युरोपकडे रवाना होऊ लागली. जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक आणि २०१३ मध्ये ३९० ड्यूक भारतीय बाजारात आल्या. या गाड्यांना काटेकोर अर्थाने सुपरमोटो म्हणता येणार नाही. त्यांची उंची व सस्पेन्शनचा प्रवास रस्त्याच्या सामान्य गाडीसारखाच आहे. तथापि हलके एकसिलिंडरी यंत्र, १७ इंची चाके, रुंद हँडल, उघडा देह आणि नाव, एवढा वारसा १९९४ च्या ड्यूककडूनच त्यांच्याकडे आला. कार्ल्सबॅडच्या मार्गावर ज्या गुणांची कसोटी लागली होती, ते गुण माती पूर्णपणे गाळून झाल्यावर सिंहगड रस्त्यावरील रहदारीत पोहोचले ते या वाटेने. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम पुन्हा आर्थिक संकटात सापडली व २०२५ साली तिला सावरण्यासाठी बजाजनेच भांडवल उभे केले. ज्या कंपनीने पहिल्या दिवाळखोरीनंतर सुपरमोटोच्या आधारे रस्त्यावर पाऊल टाकले, तिचे दुसरे संकट पुण्याच्या साह्याने टळावे, हा योग इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे.

समारोप

वाहनांचा इतिहास बहुधा शक्ती आणि वेग यांच्या वाढीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रस्त्यावरील सुपरमोटोचा इतिहास त्या चौकटीत बसत नाही; तो वजाबाकीचा इतिहास आहे. प्रथम दूरचित्रवाणी गेली, मग माती गेली, नंतर शर्यतीचे एंजिन गेले आणि शेवटी घसरण एका खटक्यात बंदिस्त झाली. जे उरले ते म्हणजे अनोळखी पृष्ठभागाशी जुळवून घेणारी एक बैठक आणि एक बांधणी. दोन पृष्ठभागांमधील तडजोड म्हणून जे घडले, ते एका पृष्ठभागावर का टिकले, याचे उत्तर रस्त्याच्या स्वरूपातच आहे. सार्वजनिक रस्ता दिसावयास एकसंध डांबरी असला, तरी चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो कधीही एकाच पृष्ठभागाचा नसतो. ही गोष्ट ज्या स्वाराने ओळखली त्याला या वाहनाचा अर्थ कळला. आणि ज्याने खटका दाबून मैदानच रस्त्यावर आणू पाहिले, त्याच्या हाती या परंपरेचे फक्त नाव राहिले.