नेम आणि दमछाक

हिंगोलीकर श्रोतेहो, २० सेकंद जीव तोडून मेहनत, १० सेकंद विसावा, अशी सात-आठ आवर्तने! नव्या व्यायामवर्गांतील ही रीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगावर उभी आहे. ‘हे तर आमचे सूर्यनमस्कारच,’ असे कोणी म्हणतील. मला ते मान्य नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (औंध साताऱ्याकडचे, आपले औंढा निराळे) यांनी सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांत नेले, ते रोजच्या नेमासाठी, आबालवृद्धांकरिता. इझुमी ताबाता यांनी निवडले ते शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी. सहा आठवडे ते सायकलयंत्रावर दमछाक होईपर्यंत राबले. चाळिशी उलटलेल्या नवख्याला पहिल्याच दिवशी तेच माप लावणे मला धोक्याचे वाटते.