अल्पवयातलं गर्भारपण: मुलीचं ‘वळण’ की घरातलं बालपण?

शाळकरी मुलगी गरोदर असल्याचं कळलं की गावात चर्चा सुरू होते ती तिच्या मोबाइलची आणि कपड्यांची. तिच्या लहानपणाबद्दल कुणी विचारत नाही. संशोधनाने मात्र नेमकं तेच विचारलं.

अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात नव्वदच्या दशकात हजारो प्रौढांना बालपणाबद्दल विचारण्यात आलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा अपमान, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन असे आठ प्रकारचे अनुभव त्यात होते. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक स्त्रियांवरचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. यातला एकही अनुभव नसलेल्यांपैकी १६ टक्के किशोरवयात गर्भवती राहिल्या होत्या. सात-आठ अनुभव असलेल्यांमध्ये हेच प्रमाण ५३ टक्के होतं. घरात जवळीक आणि आधार असेल तर धोका कमी होतो, हेही याच संशोधकांनी पुढे दाखवलं.

वाशिमला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण आपल्याकडे बहुतेक अल्पवयीन गर्भारपणं लग्नानंतरची असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

म्हणजे इथे घराचा वाटा दुहेरी आहे. वडिलांची दारू, आईवर उठणारा हात, कामासाठी आई-वडील बाहेरगावी आणि पोरगी नातेवाइकांकडे. अशा घरात मुलगी असुरक्षित होते, आणि त्यावर उपाय म्हणून तेच घर तिला ‘उजवून टाकतं’. जवळच्याच कुणी अत्याचार केला असेल तर लग्न हे झाकण ठरतं. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या, २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आलेल्या वाशिममध्ये गरिबीचा दाब आहेच. पण सगळं गरिबीवर ढकलणं सोयीचं आहे, खरं नाही.

लग्न झालं म्हणून कायदा बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. या धास्तीने घरचे दवाखाना टाळतात आणि जीव मुलीचा धोक्यात येतो. खरं तर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, असं न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

बालविवाह ठरत असल्याचं कळलं तर गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना सांगा, किंवा १०९८ वर फोन करा. आणि अशी बातमी पुढे पाठवताना मुलीचं नाव, फोटो, शाळा, घरच्यांची ओळख टाकू नका. तो पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे.