दप्तरातलं शिक्षण घरात आणणारी माणसं



सांजच्या वेळी शेलूबाजारच्या बसथांब्यावर आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरी घरी निघालेल्या दिसतात. कोणी एसटीची वाट पाहते, कोणी सायकलवर टांग टाकते, कोणी ऑटोत दाटीवाटीनं बसते. प्रत्येकीच्या पाठीवर दप्तर असतं. त्यात गणित आहे, विज्ञान आहे, भूगोल आहे, इतिहास आहे. घरी पोचली की दप्तर खुंटीला लागतं आणि पोरगी भांड्यांना नाहीतर पाण्याला लागते. माय विचारते, "झाली का वं शाळा?" पोरगी म्हणते, "झाली." एवढ्यावर बोलणं संपतं. दिवसभर शिकलेलं सगळं खुंटीलाच टांगलेलं राहतं.

आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांनी वर्गात शिकलेलं असं खुंटीला टांगून ठेवलं नाही. त्यांच्या काळात मुलींसाठी शाळा फारच थोड्या होत्या. ज्याला शिकायला मिळालं, त्यानं ते दुसऱ्याला सांगितलं आणि त्यातूनच आपल्या आज्या-पणज्यांसाठी शाळेची वाट तयार झाली.

पहिली गोष्ट मुंबईची आहे. साल १८४८. तेव्हा आपलं वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं, इंग्रजांचा कारभार इकडे यायला आणखी पाच वर्षं होती. मुंबईत मात्र एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन नावाची मोठी शिक्षणसंस्था चालत होती. तिथले विद्यार्थी इंग्रजीतून गणित, पदार्थविज्ञान, रसायन, इतिहास असे नवनवे विषय शिकत होते. त्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी मिळून त्या वर्षीच्या जूनमध्ये एक सभा स्थापन केली. तिचं नाव स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी, म्हणजे विद्यार्थ्यांची साहित्य आणि विज्ञान सभा. एखाद्या विद्यार्थ्यानं एखाद्या विषयावर निबंध लिहून आणायचा, सगळ्यांसमोर वाचायचा आणि मग त्यावर बाकीच्यांनी बोलायचं, अशी तिथली रीत होती.

हे काम इंग्रजीत चालायचं. पण ज्यांना इंग्रजी येत नाही, त्या आपल्या माणसांपर्यंत हे कसं पोचणार? म्हणून सभेच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचं नाव ज्ञानप्रसारक सभा. तिचे अध्यक्ष होते मराठीचे मोठे व्याकरणकार दादोबा पांडुरंग. १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' नावाचं मासिकही सुरू झालं आणि वर्गातले विषय मराठीत छापून येऊ लागले.

त्यांच्या सभेत १८४९ साली एक निबंध वाचला गेला. विषय होता स्त्रियांचं शिक्षण. निबंध झाला, चर्चा झाली. पण टाळ्या वाजवून घरी जायचं, एवढ्यावर ही पोरं थांबली नाहीत. बोलतो तर करूनही दाखवू, असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. सुरुवातीला ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. इमारत नव्हती आणि पगारी मास्तरही नव्हते. ही पोरं सकाळी आपल्या कॉलेजच्या वेळेआधी फुकट शिकवायची. पुढे नाना शंकरशेट यांच्यासारख्यांनी जागा आणि पैसा दिला, तेव्हा काम स्थिर झालं.

या पोरांत एक होते दादाभाई नौरोजी. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. पुढे ते त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८९२ मध्ये विलायतेच्या संसदेत निवडून गेले. म्हातारपणी त्यांनी या दिवसांची आठवण सांगितली आहे. ते घरोघर जायचे, ओट्यावर बसून मुलींना शिकवू द्या म्हणून विनवायचे. काही ठिकाणी मुलींचे बाप इतके भडकायचे, की पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी द्यायचे. तरी ही पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर व्हायची.

दुसरी गोष्ट पुण्याची आणि त्याच काळातली. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. तिथं जे शिकायचे, ते घरी येऊन बायकोला, सावित्रीबाईंना शिकवायचे. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागरही शिकल्या. सावित्रीबाईंचं पुढचं शिक्षण जोतीरावांच्या मित्रांनी, सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी केलं. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि घरात शिकलेली बाई शाळेत शिकवायला उभी राहिली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. आपल्याकडे सतरा वर्षांची पोरगी बारावीत असते.

जोतीरावांनी मुलींच्याच शाळा आधी का काढल्या? ते त्यांनी १८५३ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात सांगितलं होतं. आईमुळे मुलांमध्ये जी सुधारणा होते ती फार महत्त्वाची असते, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे एका मुलीला शिकवलं की तिचं शिकणं पुढच्या पिढीत उतरतं, हा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब बरोबर निघाला, याचा पुरावा फार लवकर मिळाला. फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदा वर्षं. शिक्षण अवघं तीन वर्षांचं. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये 'ज्ञानोदय'त दोन भागांत छापून आला. पुस्तकातला धडा जसाच्या तसा उतरवून काढावा, असं तिनं केलं नाही. लिहायला शिकली होती, त्या लिहिण्यातून तिनं आपल्या माणसांचं दुःख मांडलं. ज्यांना धर्माचं पुस्तक बघायलाही मनाई आहे, त्यांचा धर्म तरी कोणता, असा सवाल तिनं विचारला. पेशवाईतला जुलूम सांगितला. आणि बायांनो, तिनं एक गोष्ट लिहिली, जी त्या काळात पुरुषांच्या लिहिण्यात क्वचितच आली असेल. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पावसात त्या काय सोसत असतील, आजार झाला तर वैद्याला पैसे कुठून आणायचे, असं तिनं विचारलं. शेवटी तिनं आपल्या लोकांना सांगितलं, की या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे. आज एवढी वर्षं झाली तरी तो निबंध वाचला जातो.

आता तिसरी गोष्ट. ही जरा बोचणारी आहे, पण सांगितली पाहिजे. रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ मध्ये झालं. वय अकराच्या आसपास. लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. त्यांनी बायकोला घरीच शिकवायला सुरुवात केली. विरोध कोणी केला? घरातल्याच बायकांनी. वडीलधाऱ्या बाया टोमणे मारायच्या, अबोला धरायच्या. रमाबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्या बायांना वाईट ठरवायला मी हे सांगत नाही. त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं. सून हातात पुस्तक घेऊन बसली की ती आपल्यापासून दूर चालली, असं त्यांना वाटत असणार. त्या पुस्तकात काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलं असतं, तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येतो. रमाबाईंनी मात्र पुढे तेच काम हाती घेतलं. पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून त्यांनी बायांसाठी शिक्षणाची सोय केली. त्यात विधवा होत्या, परित्यक्ता होत्या, थोरल्या वयाच्या बायाही होत्या.

मैत्रिणींनो, ती भीती आपल्या घरातही आहे. लेक नववीत गेली की आपल्याला तिच्या वहीतलं काही कळत नाही. मग आपण विचारायचंच सोडून देतो. पुढे एक दिवस घरात विषय निघतो, की आता बस झालं शिकणं, लग्नाचं पाहू. त्या वेळी लेकीच्या बाजूनं बोलायला मायजवळ शब्द नसतात. ती काय शिकते, कशासाठी शिकते, हेच तिला ठाऊक नसतं. ज्या मायला लेकीचं शिकणं ठाऊक असतं, ती अशा वेळी बोलू शकते. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

आता आपल्या गटाचं एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईनं १२ हजार रुपये कर्ज घेतलं. व्याज दोन रुपये शेकडा, महिन्याला. दर महिन्याला मुद्दलातले एक हजार फेडायचे, म्हणजे बारा महिन्यांत कर्ज फिटलं. सावकारी पद्धतीनं व्याज पूर्ण १२ हजारांवरच लावत राहिलं, तर महिन्याला २४० रुपये, वर्षाचे झाले २,८८०. पण दर महिन्याला उरलेल्या रकमेवरच व्याज लावलं, तर पहिल्या महिन्यात २४०, दुसऱ्यात २२०, तिसऱ्यात २००, असं उतरत जाऊन शेवटच्या महिन्यात फक्त २० रुपये. सगळी बेरीज १,५६०. दर तोच, फरक १,३२० रुपयांचा. शेकडेवारी आणि बेरीज येणारी शाळेतली पोरगी हे पाटीवर मांडून दाखवू शकते. कर्ज देणारा कोणीही दारात आला, तर व्याज कशावर लावता, हे विचारायला आपण शिकलो, तर तिच्या गणिताचा तास आपल्यालाही कामी आला.

विज्ञानाचं पाहा. आपल्या वावरातलं सोयाबीनचं झाड मुळासकट हलकेच उपटा. मुळांना बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. गाठ चिरल्यावर आतून गुलाबी-लालसर दिसली, तर ती काम करते आहे. पेरणीच्या वेळी बियाण्याला जे जिवाणू खत चोळतात, ते याचसाठी. लेकीनं हे पुस्तकात वाचलेलं असतं, आणि आपण निंदताना त्या गाठी हजार वेळा पाहिलेल्या असतात. तिला नाव ठाऊक असतं, आपल्याला झाड ठाऊक असतं. दोघी एकत्र बसल्या तर दोघींचंही शिकणं होतं.

तेच पुस्तक सांगतं, की लेकराला जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून ते पाणी थोडं थोडं पाजत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. भूगोल सांगतो, की आपल्या भागात खाली काळा बसाल्ट दगड आहे आणि पाणी त्याच्या भेगांत साठतं. म्हणून शेजारच्या विहिरीला पाणी लागतं आणि आपली बोअर कोरडी जाते. नागरिकशास्त्र ग्रामसभा म्हणजे काय ते सांगतं. हे सगळं आपल्या पोरींच्या दप्तरात रोज येतं-जातं.

शिकायला वय आडवं येत नाही, हे ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावानं दाखवलं. मुरबाड तालुक्यातल्या या गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या. शिकवायला गावचीच एक सून होती. घरी नातवंडं आजीचा अभ्यास घ्यायची. आजी नातवाला हात धरून चालायला शिकवते, तोच नातू तिचा हात धरून अक्षर गिरवून घेतो.

तर माझी एक विनंती आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, की पंधरा मिनिटं राखून ठेवा. गटातल्या एका बाईची शाळेत जाणारी लेक नाहीतर सून बोलवा. या आठवड्यात वर्गात काय शिकली, ते तिनं सोप्या भाषेत सांगायचं. एकदा गणित, एकदा विज्ञान, एकदा इतिहास. तिला बोलता बोलता अडखळायला झालं तर हसू नका. नाही समजलं तर पुन्हा विचारा. विचारलं की तिलाही पुन्हा पुस्तक उघडावं लागेल आणि तिचाही धडा पक्का होईल. मुंबईच्या त्या विद्यार्थ्यांच्या सभेतही असंच चालायचं. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं.

आणि आज रात्री भाकरी थापताना लेकीला जवळ बसवा. "झाली का शाळा?" असं विचारू नका. "आज काय शिकली वं माय, मलेही सांग," असं विचारा. पहिल्या दिवशी ती लाजेल. दुसऱ्या दिवशी वही घेऊन चुलीपाशी येईल.