पेवाचं झाकण



आपल्या आज्यांना पेव ठाऊक होतं. जमिनीत खोल खड्डा, त्यात ज्वारी, वरून तोंड लिंपून बंद. वरून चालणाऱ्याला खाली काही आहे हे कळतही नसे. पण पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. साचलेली वाफ आधी बाहेर जाऊ द्यायची, नाहीतर जिवावर बेतायचं. माणसाच्या मनातही असं पेव असतं. आज त्याची गोष्ट, आणि ती आपल्या बुलढाण्यातूनच सुरू होते.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. बदनामीच्या भीतीनं तिनं आपलं नवजात मूल मारलं, हा गुन्हा. अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रातून साऱ्या बायकांच्याच चालचलणुकीवर टीका सुरू झाली. याचा संताप बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना आला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाचे होते. त्यांनी मुलीला शिकवलं होतं. १८८२ साली ताराबाईंचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा सवाल होता. विधवेला दुसरं लग्न बंद करायचं आणि पाऊल घसरलं की तिलाच बोल लावायचा, हा कुठला न्याय?

त्याच सुमारास दूर व्हिएन्ना शहरात बर्था पापेनहाइम नावाची तरुणी डॉक्टर ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेत होती. आजारी वडिलांची सेवा करता करता ती स्वतःच आजारी पडली होती. एकदा तहान लागूनही तिच्या घशाखाली पाणी उतरेना. बरेच दिवस असेच गेले. मग संमोहनात तिला आठवलं: एका बाईचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना पाहून तिला किळस आली होती, पण भिडेपोटी ती गप्प राहिली होती. तो राग बोलून टाकल्यावर ती पाणी प्यायली. तिचं सारं दुखणं काही लगेच गेलं नाही, पुढेही उपचार घ्यावे लागले. नंतर मात्र तिनं बायकांसाठी मोठं काम उभं केलं.

ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉईड यांनी १८९५ साली ही हकिकत पुस्तकात मांडली. नको असलेली इच्छा किंवा आठवण मन आपल्याही नकळत खाली ढकलतं, याला फ्रॉईडनं दमन म्हटलं. आपण समजूनउमजून गप्प बसतो, ते वेगळं. दमनात आपण काय गाडलं हे आपल्यालाच ठाऊक नसतं. मन स्वतःला वाचवायला हे करतं, पण वाफ आत साचत राहते. स्वतःतला दोष दुसऱ्याच्या माथी मारणं हीसुद्धा मनाची तशीच पळवाट. तिला प्रक्षेपण म्हणतात. फ्रॉईडचं नाव कुणी ऐकण्याआधीच ताराबाईंनी समाजाची ही खोड पकडली होती.

पुढे काय झालं? जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि पहिलंही विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. मधली नव्वद वर्षं समाजानं ते पेवातच ठेवलं, असं आम्हाला वाटतं.

आपल्या गटात कुणाचं डोकं सतत दुखतं, कुणाची छाती भरून येते. आधी डॉक्टरकडे जाऊन तपासणी करावीच. तपासणीत काही निघालं नाही, तर 'बाई नाटकं करते' असं मात्र म्हणू नये. बैठकीत हप्ता भरून झाला की थोडं जवळ बसावं. ती बोलेल तेवढंच ऐकावं, खोदून विचारू नये, आणि ऐकलेलं दारात सांडू नये. जास्तच जड झालं तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

झाकण एकदम उचकटायचं नसतं मैत्रिणींनो. हळूहळू वाफ जाऊ द्यायची, आणि तोवर काठावर कुणीतरी बसून राहायचं.