दम लागतो म्हणजे दमाच असतो असं नाही : श्वासाचा मुख्य स्नायू कमजोर झाला तर काय होतं, ताकद परत कशी येते?

औंढे (ता. मावळ) : आवणीला वाकलं की धाप लागते, रात्री आडवं पडलं की जीव घाबरतो, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. घरचे म्हणतात, "वय झालं." काही जण मेडिकलमधून दम्याचा पंप आणून ओढतात. पण दम लागण्याचं कारण दर वेळी फुप्फुसातच असतं असं नाही. कधी हृदयात, कधी रक्त कमी असण्यात, तर कधी श्वास ओढणाऱ्या स्नायूतच दोष असतो. या स्नायूकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तो कमजोर झाला तर ओळखायचा कसा, तपासायचा कसा आणि त्याची ताकद वाढवता येते का, याची ही माहिती.

डायफ्राम म्हणजे काय?

छाती आणि पोट यांच्या मधे घुमटासारखा एक पातळ स्नायू असतो. त्याला डायफ्राम किंवा श्वासपटल म्हणतात. आपण श्वास घेतो तेव्हा हा घुमट खाली सरकतो, छातीत जागा होते आणि हवा आत येते. सोडताना तो सैल पडून परत वर जातो. शांत बसलेलो असताना तो एक-दोन सेंटिमीटरच हलतो, खोल श्वास घेतला की कितीतरी जास्त. बसल्या जागी श्वास घेण्याचं निम्म्याहून जास्त काम हा एकटा स्नायू करतो. फुप्फुसाला स्वतःचा स्नायू नसतो. भात्याला जसा हात लागतो, तसं फुप्फुसाला श्वासपटल लागतं.

या स्नायूला हुकूम देणारी नस मानेच्या मणक्यातून निघते आणि छातीतून खाली येते. म्हणून मानेला जबर मार लागला तरी श्वास अडचणीत येतो.

कमजोर कशाने होतं?

चूल, विडी आणि सीओपीडी : वर्षानुवर्षं धूर छातीत गेला की श्वासनलिका अरुंद होतात. हवा आत अडकून राहते, फुप्फुसं फुगतात आणि घुमट चपटा होतो. चपटा झालेला स्नायू नीट ओढू शकत नाही. या आजाराला सीओपीडी म्हणतात. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बायकांनाही तो होतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हाच मुद्दा जगासमोर मांडला : धूम्रपान न करणाऱ्यांमध्येही सीओपीडी मोठ्या प्रमाणात आहे आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे.

व्हेंटिलेटर : मशीन श्वास देतं तेव्हा श्वासपटलाला काम उरत नाही. २००८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की १८ ते ६९ तास पूर्ण व्हेंटिलेटरवर असलेल्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून बारीक झाले होते. प्लास्टरमधला हात बारीक व्हायला काही आठवडे लागतात, इथे तीन दिवसही पुरले. म्हणून आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला महिनोन् महिने दम लागू शकतो.

नसांचे आणि स्नायूंचे आजार, ऑपरेशन : हृदयाच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी श्वासपटलाची नस दुखावते. गुलियन बॅरे, मायस्थेनिया आणि स्नायू झिजण्याचे आजार यांतही श्वासपटल थकतं. थायरॉइड फार कमी असणं आणि कुपोषण यांचाही परिणाम होतो.

मण्यार, नाग आणि फवारणीचं औषध : या दोन्हींत काही तासांत किंवा दिवसांत श्वासपटल पूर्ण बंद पडू शकतं. त्याबद्दल पुढे वेगळं दिलं आहे.

ही लक्षणं ओळखा

• पाठीवर आडवं पडलं की दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं.
• विहिरीत किंवा नदीत छातीपर्यंत पाण्यात उतरलं की श्वास अडकतो. पाणी पोट आत दाबतं आणि कमजोर श्वासपटल त्या दाबाला पुरं पडत नाही.
• खाली वाकून काम करताना धाप लागते.
• सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, दिवसभर झोप येते.
• खोकल्यात जोर राहत नाही, कफ सुटत नाही.

घरी एक गोष्ट बघता येते. रुग्ण पाठीवर पडलेला असताना श्वास आत घेताना पोट वर यायला हवं. ते उलट आत जात असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. ज्यांना आडवं पडवतच नाही, त्यांना यासाठी झोपवू नका.

यातली काही लक्षणं हृदयाच्या आजारातही दिसतात. आडवं पडल्यावर दम लागणं आणि पायावर सूज असेल, तर आधी हृदयाची तपासणी. स्वतःच निदान करून बसू नका.

तपासणी कशी करतात?

पहिली तपासणी स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायचं. बसून एकदा आणि झोपून एकदा. झोपल्यावर हवेचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त घटलं, तर श्वासपटलाच्या दोन्ही बाजू कमजोर असल्याची दाट शंका येते.

दुसरी, श्वास ओढण्याचा जोर मोजणं. बंद नळीतून पूर्ण ताकदीने हवा ओढायची आणि किती दाब तयार होतो ते यंत्र दाखवतं. हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. तो ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त आला, तर मोठी कमजोरी नाही असं साधारण धरतात. कमी आला तर लगेच घाबरू नका, नळी नीट ओढली नाही तरी आकडा कमी येतो.

तिसरी, सोनोग्राफी. श्वास घेताना स्नायू किती जाड होतो आणि किती हलतो, हे पडद्यावर दिसतं. सुई नाही, दुखत नाही. गरज पडली तर हलत्या एक्स-रेमध्ये नाकाने झटकन हुंगायला सांगून स्नायू योग्य दिशेने सरकतो का, तेही बघतात.

लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेलं काम

श्वास यंत्रावर मोजून बघायचा, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. औंढ्यापासून जवळ, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्याआधी बडोद्याला त्यांनी योगक्रिया करणाऱ्या माणसाचे एक्स-रे काढले आणि शरीराच्या आतला दाब मोजला होता. उड्डियान बंधात श्वास पूर्ण सोडून, हवा आत न घेता छाती फुगवतात. तेव्हा श्वासपटल वर खेचलं जातं आणि पोट आत जातं. नौली करताना पोटात जो कमी दाब तयार होतो, त्याला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून 'माधवदास निर्वात' असं नाव दिलं. हे प्रयोग छापण्यासाठी १९२४ मध्येच 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघालं. पुढे तिथे दम्याच्या रुग्णांवर योगोपचाराचे अभ्यासही झाले.

त्यांचा आग्रह एकच होता : ग्रंथात लिहिलंय म्हणून मानू नका, मोजून बघा. आज प्राणायामाने सगळे आजार बरे होतात असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात, तेव्हा हाच आग्रह लक्षात ठेवायला हवा. आणि उड्डियान, नौली हे निरोगी माणसाने शिकून करायचे प्रकार आहेत. बीपी, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण किंवा दम लागण्याचा आजार असेल तर ते करू नयेत.

मोजून काय हाती आलं?

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये सीओपीडीच्या श्वसन पुनर्वसनावरच्या ६५ चाचण्या एकत्र पाहिल्या. त्यात ३८२२ रुग्ण होते. पुनर्वसन घेतलेले रुग्ण सहा मिनिटांत सरासरी सुमारे ४४ मीटर जास्त चालले, त्यांचा दम आणि थकवाही कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता, की पुनर्वसनाने फायदा होतो का हे तपासायला आणखी चाचण्यांची गरज नाही, असं त्यांनी लिहिलं.

फक्त श्वासाच्या व्यायामांचा आढावा २०१२ मध्ये आला. तीन महिने प्राणायाम केलेल्यांचं सहा मिनिटांतलं चालणं सुमारे ४५ मीटर वाढलं. पण हे फक्त दोन छोट्या अभ्यासांतलं, मिळून ७४ जणांचं. आणि या व्यायामांनी दम लागणं कमी झालंच, असं सगळीकडे दिसलं नाही. म्हणजे प्राणायामाला जागा आहे, पण औषध बंद करण्याइतका पुरावा नाही.

कोविडनंतर जर्मनीतल्या आखेन शहरातल्या डॉक्टरांनी, दवाखान्यातून घरी गेल्यावर सव्वा वर्षानेही दम लागणाऱ्या रुग्णांची तपासणी केली. २०२३ मध्ये त्यांनी मांडलं, की अनेकांच्या दमाचं कारण श्वासपटलाची कमजोरी असू शकतं. नंतर सहा आठवडे श्वास ओढण्याचा सराव दिल्यावर ताकद वाढली आणि दम कमी झाला, असंही त्यांना दिसलं.

पुनर्वसनात काय करून घेतात?

साधारण सहा ते आठ आठवड्यांचा कार्यक्रम असतो. आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, बाकीचे दिवस घरी.

चालणं : हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पायांची ताकद जाते, मग थोडं चाललं तरी आणखी दम लागतो. हे चक्र चालण्यानेच तुटतं. सपाट रस्त्यावर चाला, चढावर नको. चालताना तुटक का होईना बोलता आलं पाहिजे. बोलणंच बंद झालं तर वेग कमी करा.

ओठ आवळून श्वास सोडणं : नाकाने श्वास घ्या. गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ आवळून हळूहळू सोडा. घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला द्या. चढ चढताना, हंडा उचलताना याचा लगेच उपयोग होतो.

स्नायूचा सराव : यासाठी स्प्रिंग असलेलं छोटं यंत्र मिळतं. ठराविक जोर लावल्याशिवाय त्यातून हवा येत नाही. सुरुवातीला आपल्या कमाल जोराच्या साधारण ३० टक्के वजन ठेवतात आणि दर आठवड्याला वाढवतात. सराव सोडला की कमावलेली ताकद हळूहळू जाते. हे यंत्र आणि कोविडमध्ये घरोघरी आलेलं तीन गोळ्यांचं खेळणं एक नाही. गोळ्यांचं यंत्र ऑपरेशननंतर फुप्फुस उघडं राहावं म्हणून असतं. त्यात स्नायूवर ठराविक वजन ठेवता येत नाही.

पोटाने श्वास : अनेकांना उपयोगी पडतो. पण सीओपीडी खूप वाढलेला असेल आणि घुमट चपटा झाला असेल, तर मुद्दाम पोटाने श्वास घेतल्याने दम वाढतो असं अभ्यासात दिसलंय. म्हणून तपासणीशिवाय यूट्यूब बघून सुरू करू नका.

सोबत विडी बंद, चुलीच्या जागी गॅस, आणि गॅस परवडत नसेल तेव्हा निदान चूल पडवीत किंवा धुराडं असलेल्या जागी. पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून डासांची कॉइल जाळू नका. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असल्याचं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलंय.

इथे वाट बघू नका

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होऊन खाली येणं, गिळता न येणं अशी सुरुवात होते आणि नंतर श्वास थांबतो. मांत्रिकाकडे गेलेला एक तासही महागात पडतो. १०८ ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात न्या. मण्यारीच्या विषाने एकदा लुळा पडलेला श्वास प्रतिविषाने लगेच सुरू होत नाही. काही दिवस मशीनवर ठेवावं लागू शकतं. पण माणूस वेळेत पोहोचला, तर तोच श्वास परत येतो.

कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला पहिल्या दिवशी बरं वाटलं तरी घरी आणू नका. एक ते चार दिवसांत मान उचलता न येणं आणि श्वास थकणं सुरू होऊ शकतं.

ओठ निळे पडणं, एक वाक्यही पुरं न बोलता येणं, दम लागलेला असताना गुंगी येणं : यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८.

कुठे जायचं?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. आशाताईंना सांगा. ऑक्सिजन, बीपी आणि हिमोग्लोबिन तिथे बघून घ्या. पुढच्या तपासण्यांसाठी छातीविकार विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मागा. पुण्यात ससून आहे आणि औंधला सरकारी उरो रुग्णालय आहे. नाव सारखं वाटलं तरी ते पुण्यातलं औंध, आपलं औंढे नव्हे.

जाताना जुने एक्स-रे, चालू औषधं आणि पंप बरोबर न्या. ऑपरेशन झालं असेल, कधी व्हेंटिलेटरवर होता का, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला, हे न विचारताही सांगा. आणि एक प्रश्न स्वतःहून विचारा : "माझ्या श्वासाच्या स्नायूची ताकद मोजता येईल का?"